अडगळीतला सोऱ्या

पेसाह जवळ आला की इस्राएलमध्ये घरोघरी आवराआवर सुरू होते. नियमाप्रमाणे घराबाहेर काढायचे ते फक्त हामेत्झ, म्हणजे खमीर आलेले धान्याचे पदार्थ. पण हात एकदा फडताळात गेला की पावाच्या चुऱ्यापाशी थांबत नाही. जुने कपडे, भांडी, खेळणी, सारेच बाहेर येते.

कोकणात बेने इस्राएल लोक या सणाला पूर्वी ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. अनास म्हणजे आंबट तोंडीलावण्याचे भांडे. सणात ते झाकून ठेवत. ढाकणे म्हणजे झाकणे.

जुन्या वस्तूंचे काय करायचे, याची मुंबईत एक सोय होती. बोहारीण डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारी येई आणि जुने कपडे घेऊन स्टीलचे पातेले किंवा डबा देई. त्यावरून घासाघीस चाले. इस्राएलच्या रस्त्यांवर जुने सामान घेणारे ‘आल्ते झाखन’ असे ओरडत गाडी फिरवतात. हे शब्द यिद्दिश भाषेतले आहेत. त्यांचा अर्थ ‘जुन्या वस्तू’.

अश्दोदमधल्या एका आजींनी पेसाहच्या आधी कपाटावरचे खोके खाली काढले. मुंबईहून आणलेले ते खोके कित्येक वर्षे तसेच बांधलेले होते. चांगले डबे त्यांनी इमारतीच्या दाराशी ठेवले. संध्याकाळपर्यंत ते कोणीतरी नेले. फाटकी प्रार्थनापुस्तके त्यांनी गेनिझासाठी वेगळी काढली, कारण देवाचे नाव असलेली पाने कचऱ्यात टाकत नाहीत. सासूबाईंचे मऊ झालेले नऊवारी लुगडे पणतीच्या दुपट्यासाठी ठेवले.

तळाशी एक पितळी सोऱ्या निघाला. नातसून मदतीला आली होती. तिचे माहेर मोरोक्कोच्या यहुदी घराण्यातले. तिने विचारले, “सवता, हे काय? टाकून देऊ?”

आजी म्हणाल्या, “टाकू नको. तूच ने.”

पण नुसता सोऱ्या नेऊन ती काय करणार? मग आजींना सगळे सांगावे लागले. ही चकलीची चकती, ही शेवेची. भाजणी कशी भाजायची. मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते, कमी पडले तर दाताला लागते. सोऱ्या, चकती, भाजणी, मोहन हे शब्द आजींच्या तोंडून अनेक वर्षांनी आले. नातसुनेने ते हिब्रू अक्षरांत लिहून घेतले.

सण संपल्यावर एक डबा घरी आला. चकल्या वाकड्या होत्या आणि काही तुटल्याही होत्या. सोबत नातसुनेचा प्रश्न होता : “आता शेव कशी करायची?”

कपाटावर सोऱ्या सुरक्षित होता, पण मुका होता. दुसऱ्याच्या हाती गेला तेव्हा त्याचे नावही गेले आणि कृतीही. आजींच्या घरातली एक वस्तू कमी झाली, पण मराठीतले चार शब्द आणखी एका घरात पोचले.

आपल्या धर्मशास्त्रातही याला आधार आहे. अनुवाद 20:19 मध्ये वेढा घातलेल्या नगराची फळझाडे तोडू नयेत अशी आज्ञा आहे. त्यावरून ऋषींनी ठरवले की कामाची भांडी फोडणे आणि कपडे फाडणेही निषिद्ध. रामबाम यांनी त्सेदाकाच्या 8 पायऱ्या सांगितल्या. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा, ही त्यांतली वरून दुसरी. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला स्वतःच्या पायावर उभे करणे. दाराशी ठेवलेल्या डब्यांवरून दुसरी पायरी समजते. सोऱ्याची गोष्ट वेगळी आहे : तिथे देणारी आणि घेणारी एकमेकींच्या जवळ बसल्या, म्हणूनच विद्या हाती गेली.

शब्दार्थ
अडगळ – वापरात नसलेले सामान
फडताळ – भिंतीतले कपाट
सोऱ्या – चकली, शेव पाडण्याचे साधन
मोहन – पिठात घालायचे गरम तेल किंवा तूप
सवता – आजी (हिब्रू)

प्रश्न
1. बोहारीण आणि ‘आल्ते झाखन’वाला यांच्यात कोणते साम्य आहे?
2. आजींनी कोणती वस्तू दाराशी ठेवली आणि कोणती हाती दिली? असा फरक का केला?
3. घरातली एक जुनी वस्तू निवडा. तिचे मराठी नाव आणि उपयोग वडीलधाऱ्यांना विचारून पाच वाक्ये लिहा. ती कोणाला द्याल, तेही लिहा.