कुटार, थेंब आणि दादाचा डोळा

दसरा-दिवाळीच्या सुमारास वाशीम जिल्ह्यात शेताशेतांत हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, धडधडू लागतो. सोयाबीनच्या सुड्या त्याच्या तोंडात जातात आणि मागून कुटाराचा, म्हणजे भुशाचा, लोट उठतो. त्या लोटात राबणाऱ्यांच्या नाकातोंडाला दुपट्टा बांधलेला असतो, डोळे मात्र उघडे. माझ्या थोरल्या भावाचा उजवा डोळा याच कामात गेला. कुटाराने गेला, असे गाव म्हणते. मला ते पटत नाही. काडी लागल्यापासून योग्य डॉक्टरांसमोर बसेपर्यंत जे घडले, त्यात तो गेला.

मळणी चालू असताना दादाच्या डोळ्यात खुपले. "काही नाही गा, कुटार गेलं डोयात," म्हणत त्याने दुपट्ट्याच्या टोकाने डोळा चोळला आणि पुन्हा कामाला लागला. रात्री डोळा लाल झाला, तेव्हा गावातल्या एका जाणत्या बाईने जिभेने कचरा काढून दिला आणि मधाचा थेंब सोडला. तिने हे मायेने केले, कोणाकडून कधी पैसा घेतला नाही. तरी ठणका वाढला. मग एका मेडिकलमधून थेंब आणले गेले. चिठ्ठी कोणी मागितली नाही, डोळा कोणी पाहिला नाही. त्या थेंबांनी लाली उतरली, दुखणे कमी झाले आणि घर निश्चिंत झाले. पुढे बुबुळावर पांढुरका ठिपका दिसू लागला, तेव्हा वाशीमला मला फोन आला. जिल्हा रुग्णालयाने आम्हाला अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले. तिथे डॉक्टरांनी ठिपका हलकेच खरवडून नमुना काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि निदान सांगितले: बुरशी.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात. काडीने त्याला ओरखडा पडला की मातीतली, पालापाचोळ्यातली बुरशी आत शिरायला वाट मिळते. जिभेने कचरा काढताना तोंडातले जंतू त्याच जखमेवर लागतात. मध, एरंडेल, बाळंतिणीचे दूध, गोमूत्र यांपैकी काहीच निर्जंतुक नसते. पण माझा खरा राग त्या थेंबांवर आहे. त्यांत स्टिरॉइड होते. स्टिरॉइडने सूज आणि लाली ओसरते, कारण ते शरीराचा प्रतिकारच दाबते. वरून डोळा बरा दिसतो आणि आत बुरशीला रान मोकळे मिळते. म्हणून या गोष्टीत गावठी उपाय वाईट आणि आधुनिक औषध चांगले, अशी सरळ वाटणी करता येत नाही. न तपासता टाकलेले आधुनिक औषध मधाच्या थेंबापेक्षा जास्त घातक ठरू शकते. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो थेंब डोळ्यात पडू देऊ नका.

दादाला नॅटामायसिनचे थेंब सुरू झाले, सुरुवातीला तासातासाला, रात्रीसुद्धा. वहिनी उशाशी घड्याळ घेऊन बसायची. हे औषध नवे नाही. दक्षिण भारतात अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या चाचणीत ते व्होरिकोनाझोल या नव्या औषधापेक्षा सरस ठरले, आणि तो निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे औषध ठाऊक होते, आमच्या विभागात मिळतही होते. आम्ही गमावला तो वेळ. नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यातला अनुभव 2001 मध्ये प्रसिद्ध झाला, तो मी नंतर वाचला आणि जीव हळहळला. तिथे खेड्यातल्या आरोग्यसेवकांनी बुबुळाला ओरखडा पडलेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम तीन दिवस लावले. इजेनंतर 18 तासांच्या आत मलम सुरू झालेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. आपल्याकडे गावोगाव आशाताई आहेत, उपकेंद्रे आहेत. सोंगणीच्या हंगामात असे काम इथे का होऊ नये, हा प्रश्न मी ग्रामसभेतही विचारला आहे.

दादाचा व्रण भरला, पण डोळ्यात फूल राहिले. आता त्याला उजेड-अंधार तेवढा कळतो. यावर उपाय आहे: मरणोत्तर दान मिळालेल्या डोळ्याचा कॉर्निया बसवणे. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. चष्मा असलेल्यांचे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांचे डोळेही चालतात. दादाचे नाव प्रतीक्षायादीत आहे.

याच काळात आईच्या मोतीबिंदूचा प्रश्न आला, आणि घरातली वडीलधारी म्हणाली, "पिकू द्या, मग काढू." हा सल्ला एके काळी बरोबर होता. सुश्रुतसंहितेत सुईने मोतीबिंदू दृष्टीच्या रेषेतून बाजूला ढकलण्याची क्रिया सांगितली आहे, आणि त्या काळाचा विचार केला तर ती थोर विद्या होती. पण ढकललेले भिंग डोळ्यातच राहायचे. पुढे भिंग बाहेर काढू लागले, तरी जाड काचांचा चष्मा सुटत नव्हता. 1949 मध्ये लंडनला हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले आणि 1967 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याची रीत आणली, तिथून चित्र पालटले. आता पिकायची वाट पाहिली तर भिंग फुगून डोळ्यातला दाब वाढण्याचा धोका असतो, शस्त्रक्रियाही अवघड होते. आईची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात, भिंगासह मोफत झाली. आता ती पुन्हा तांदूळ निवडते. थेंब घालून मोतीबिंदू विरघळवतो म्हणणाऱ्यांना मात्र दारात उभे करू नका. असे सिद्ध झालेले औषध आजही नाही.

गावातली मुले आता भरतीसाठी चष्म्याचा नंबर काढायला शहरात जातात. माझ्या पुतणीनेही लेझरचा हट्ट धरला होता. डॉक्टरांनी कॉर्नियाचा नकाशा काढला, जाडी मोजली आणि स्पष्ट नाही म्हणाले. तिचा पडदा पातळ होता. तो आणखी कोरला असता, तर पुढे फुगून वाकडा होण्याची भीती होती. ती रडली. मला मात्र तो डॉक्टर फार मोठा वाटला. वय 18 च्या वर, नंबर किमान वर्षभर स्थिर, पडदा पुरेसा जाड आणि निरोगी, डोळे कोरडे नाहीत, एवढे तपासल्याशिवाय जो तारीख देतो, त्याच्याकडून उठून यावे. लेझर झाले तरी चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागतोच. काही भरत्यांत अशी शस्त्रक्रिया चालते, काहींत नाही, म्हणून पैसे भरण्याआधी जाहिरातीतली अट वाचा. आणि व्यायामाने नंबर घालवतो म्हणणाऱ्यांना विचारा, लांबलेला नेत्रगोल तुम्ही आखूड कसा करता?

डोळ्यात काडी गेली तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. कचरा रुतलेला असेल तर तो घरी उपसू नका. खुपणे, लाली किंवा उजेडाचा त्रास राहिला, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी, तालुक्याच्या रुग्णालयात डोळे तपासणाऱ्यांकडे जा आणि काडी लागली होती हे आवर्जून सांगा. हडंबा मालकांना माझी हात जोडून विनंती आहे: यंत्रासोबत मजुरांसाठी बाजूने बंद असलेले चष्मे ठेवा आणि ते घातल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. आणि मेडिकलवाल्या भावांनो, मळणीतून लाल डोळा घेऊन आलेल्या माणसाला थेंब देऊ नका, त्याला दवाखान्याचा रस्ता दाखवा.