पदवीनंतरही विद्यापीठाच्या संघातून खेळता येईल?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बी. कॉम. झाली. वय 21, बारावी 2022 साली. नागपूर विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळली. आता पुढे खेळता येईल का? अमरावतीला प्रवेश घ्यावा का? – एक पालक, नागपूर

उत्तर : खेळता येईल. मात्र आधी अभ्यासक्रम निवडा, संघ नंतर. अमेरिकेत विद्यापीठांच्या खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम देते आणि 2024 पासून अभ्यासात पात्र असलेल्याला संघ बदलून लगेच खेळू देते. आपल्याकडे हंगाम कोणी मोजत नाही. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या नियमांत वय 25च्या आत हवे, बारावीनंतर आठ वर्षांहून अधिक काळ लोटलेला नको आणि प्रवेश पूर्णवेळ, नियमित हवा. मुलीला आठ वर्षांची मुदत 2030 पर्यंत आहे, पण वयाची अट आधी आडवी येईल. म्हणून नुसते घरी बसून एक वर्ष घालवणे सगळ्यात महागात पडेल. बाकावर बसून काढलेले वर्षही परत मिळत नाही.

तगडा संघ मिळाला तर नाव होईल, असे तुम्ही म्हणाल. त्यात तथ्य आहे. पण नागपूर काय, अमरावती काय, दोन्ही विद्यापीठे आंतरविद्यापीठ स्पर्धेत पश्चिम विभागातच खेळतात, वाट तीच. शिवाय अमरावतीत पहिल्या पाचांत जागा मिळेलच असे नाही. एम. कॉम. नागपुरातच मनासारखे होत असेल, तर इथेच राहावे. दूरस्थ प्रवेश चालत नाही, पूर्णवेळ नोकरीही नाही. क्रीडा कोट्यातून रेल्वेची नोकरी आली, तर ती जरूर घ्या. विद्यापीठाची जर्सी मात्र सुटेल.