रस्त्याकाठच्या पिकावरची हिवाळी धूळ

पिंपळगाव, ओझर भागात मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या द्राक्षवेली डिसेंबरात आतल्या वेलींपेक्षा करड्या दिसू लागतात. पावसाळ्यात पाने आपोआप धुतली जात होती. आता पहाटे दव पडते, धूळ त्यात भिजते आणि ऊन चढले की पानावर पक्की बसते. थंडीत जमिनीलगतची हवा सहज वर उठत नाही, म्हणून वाहनांचा धूरही रेंगाळतो.

ही धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. जाडसर भागात सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह आणि कॅल्शियम असते. ते खडी, मुरूम आणि सिमेंटमधून येते. टायर झिजून जस्त मिसळते. ब्रेक झिजून तांबे, बेरियम, अँटिमनी. सायलेन्सरमधून काजळी येते आणि तिला अर्धवट जळालेल्या इंधनाची तेलकट संयुगे चिकटलेली असतात. त्यांतली काही कर्करोगाला कारण ठरतात. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले, पण शिसे कुजत नाही. जुन्या, वाहत्या रस्त्यांकाठच्या मातीत ते टिकून असू शकते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आले आणि धूर कमी झाला. टायर-ब्रेकची झीज मात्र इंधन बदलून थांबत नाही.

जाड कण रस्त्यापासून थोड्याच अंतरावर खाली बसतात, म्हणून बांधावरचा पहिला पट्टा महत्त्वाचा. तिथे मेथी, पालक, कोथिंबीर घेऊ नका. पाला रुंद, उघडा, आणि तोच आपण खातो. त्याऐवजी मका, तूर घ्या. दाणा निदान आवरणात असतो. रस्त्याच्या बाजूने बांबू किंवा शेवरीची दाट ओळ लावा, ती वाढेपर्यंत शेडनेट बांधा. बारीक काजळी याने पूर्ण अडत नाही, जाड धूळ बरीच अडते. दुभत्या जनावरांना महामार्गाकडेचे गवत कापून घालू नका.

धुळकट पानांवर लाल कोळी फोफावतो आणि फवारणीचे औषधही नीट बसत नाही. भाजीपाल्यात फवारणीआधी सकाळी स्वच्छ पाण्याने पाने धुवा. संध्याकाळी नको, रात्रभर ओल राहिली तर रोग येतात. द्राक्षाचे घड मात्र पाण्याच्या झोताने धुऊ नका, मण्यावरची मेणासारखी लव जाते. बागेकडे जाणाऱ्या मुरमाच्या वाटेवर पाणी मारा आणि ट्रॅक्टर हळू चालवा; घडांवरची बरीच धूळ आपल्याच वाटेची असू शकते.

बाजारात नेण्याआधी पालेभाजीची बाहेरची पाने काढून टाका आणि उरलेली भाजी वाहत्या पाण्यात दोनदा धुवा. मुळांतून आत गेलेले शिसे धुऊन निघत नाही, तेव्हा जुन्या रस्त्यालगत भाजी घ्यायचीच असेल तर आधी माती प्रयोगशाळेत जड धातूंसाठी तपासून घ्या. नेहमीच्या माती परीक्षणात ही तपासणी नसते, वेगळी मागावी लागते.

आणि मका, तूर, हळद डांबरी रस्त्यावर वाळत घालू नका. ताडपत्री अंथरून खळ्यातच वाळवा.