आयत्या वेळी गावाकडे निघताना

मार्चमध्ये परीक्षा संपते आणि सीबीएसईच्या शाळा १ एप्रिलला पुन्हा उघडतात. मधल्या थोड्याशा दिवसांवर आमच्या नेरुळच्या सोसायटीत जवळजवळ प्रत्येक घराचा डोळा असतो. नवऱ्याची रजा मंजूर झाल्याचं बुधवारी कळतं, शुक्रवारी निघायचं असतं, आणि गोव्याची तिकिटं तोवर आवाक्याबाहेर गेलेली असतात. मग घरात कुणीतरी म्हणतं, "कोकणातल्या एखाद्या गावात जाऊ. समुद्र असेल, शांतता असेल." आमचं असंच वेळासला जायचं ठरलं. मुलांना कासवाची पिल्लं पाहायची होती, सासूबाईंना नाना फडणविसांचं गाव बघायचं होतं. ती सहल पार पडली, चांगलीही झाली. पण वाटेत जे सोसलं आणि जे थोडक्यात टळलं, ते सगळं निघण्याआधीच्या तासाभराच्या फोनाफोनीत सुटण्यासारखं होतं. म्हणून हे लिहिते आहे.

शहरात एक गोष्ट हुकली तर दहा मिनिटांच्या अंतरावर दुसरी मिळते. हॉटेल भरलेलं असलं तर शेजारचं असतं, जेवण संपलं तर घरपोच मागवता येतं. खाडीपलीकडच्या गावात तशी सोय नसते. तिथे सगळी सहल दोन-तीन गोष्टींवर टांगलेली असते: राहायचं घर, खाडीवरची फेरीबोट आणि समुद्राची वेळ. आयत्या वेळी निघणाऱ्याने आधी या तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. काय पाहायचं, कुठे फिरायचं, हे तिथे गेल्यावर ठरवलं तरी चालतं.

राहण्याचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. वेळासला मोठी हॉटेलं नाहीत. गावकरी आपल्याच घरात पाहुण्यांना ठेवून घेतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि गावातल्या घरांना त्यातून उत्पन्न मिळू लागलं. पण याच मोसमात शिमगाही येतो, हे शहरात बसून नकाशा बघणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. शिमगा आणि गणपती म्हणजे कोकणातल्या घराला स्वतःची माणसं परत मिळण्याचे दिवस. मुंबई, ठाणे, पनवेलहून मुलं-सुना येतात, ग्रामदेवतेची पालखी दारोदार जाते. त्या दिवसांत खोली रिकामी असली तरी ती पाहुण्यांसाठी असेलच असं नाही. आम्ही पहिला फोन केला त्या काकूंनी सरळ सांगितलं, "अहो ताई, रविवारी होळी, मग पालखी घरी येणार. माझीच माणसं ओटीवर झोपणार आहेत, तुम्हाला कुठे ठेवू?" त्यांनीच मग पलीकडच्या वाडीतल्या जावेचा नंबर दिला, आणि आमची सोय झाली.

यात एक गोष्ट कळली. फोन शक्यतो घरच्या बाईंनाच करावा. स्वयंपाक त्या करतात, अंथरुणं त्या काढतात, घरात किती माणसं मावतील हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. मधला माणूस 'सगळं होईल' म्हणतो, त्याला स्वतःला काही करायचं नसतं. बाईंना विचारायचे प्रश्न अगदी घरगुती आहेत, लाजू नये. पलंग आहे की खाली गाद्या? संडास घरात आहे की परसात, बसायचा की कमोडचा? पायऱ्या किती? गरम पाणी बंबाचं की गिझरचं? माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या खाली बसू शकत नाहीत. हे आधी बोलल्यामुळे काकूंच्या त्या जाऊबाईंनी शेजारून एक खाट आणून ठेवली आणि जेवायला टेबल मांडलं. न बोलता गेलो असतो, तर तो सगळा त्रास त्यांच्या आणि सासूबाईंच्याच वाट्याला आला असता. बेत नेहमी घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाकडे बघून आखावा. बाकीचे कुठेही झोपतात.

आता फसवणुकीचं. आयत्या वेळी शोधणारा माणूस घाईत असतो, आणि ठगांना घाईतलाच माणूस हवा असतो. आमच्याच सोसायटीतल्या एका कुटुंबाने किनाऱ्यावरच्या एका घराचे सुंदर फोटो पाहून सगळे पैसे आगाऊ पाठवले. तिथे पोचल्यावर कळलं की घर खरं, फोटो खरे, पण फोनवर बोललेल्या माणसाचा त्या घराशी काडीचा संबंध नव्हता. मालकांना तर काही कल्पनाच नव्हती. रात्री लहान मुलांना घेऊन त्यांना मंदिराच्या भक्तनिवासात जागा शोधावी लागली. आम्हालाही असाच एक नंबर मिळाला होता. पूर्ण रक्कम अर्ध्या तासात भरा, नाहीतर खोली जाईल, असा घोषा त्या माणसाने लावला. मी विचारलं, "फेरीबोटीतून उतरल्यावर तुमच्या घराकडे यायला कुठे वळायचं?" पलीकडून फोन बंद झाला. गावातल्या माणसाला गावाची वाट सांगता येते, हीच पहिली परीक्षा. दुसरी अशी की व्हिडिओ कॉल करून अंगण दाखवायला सांगावं. तिसरी, पैसे ज्या नावाच्या खात्यात जाणार ते नाव घराच्या मालकाचं आहे का ते पाहावं. खरे घरमालक बहुधा थोडी रक्कम आधी घेतात, उरलेली तिथे गेल्यावर. आणि फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाईनवर कळवावं. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली तर ते अडवून धरण्याची शक्यता असते.

रस्त्याबद्दल फार लिहीत नाही, नवी मुंबईकरांना तो पाठ आहे. मुंबई-गोवा महामार्ग पळस्प्यापासून सुरू होतो. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरणाचं काम २०११ साली निघालं, आणि तेव्हापासून या रस्त्याने कोकणवासीयांचा किती अंत पाहिला ते सगळ्यांना माहीत आहे. सुट्टीच्या सकाळी माणगावच्या बाजारपेठेत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. पहाटे पाचच्या आत पळस्पे मागे टाकावं, एवढंच सांगेन. आम्ही दहाला निघालो, कारण धाकट्याची झोप मोडायची नव्हती. परिणामी फेरीच्या रांगेत उन्हं कलली, आणि वेळासला पोचलो तेव्हा संध्याकाळची पिल्लं समुद्रात गेलेली होती.

रेल्वेने जायचं तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा आयत्या वेळी उरतं ते तत्काळ: प्रवासाच्या आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला, बाकीच्यांसाठी अकराला. त्यापेक्षा एसटीचा विचार जरूर करावा. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, आणि ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं भाडं. आमच्यासारख्या घरात आजी, आई, मुलगी अशा तिघी असल्या तर खर्च कितीतरी खाली येतो. गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी पिवळ्या पाटीचीच घ्यावी. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेली आणि अपघात झाला, तर विम्याची भरपाई अडते. आणि सीएनजीच्या गाड्या असणाऱ्यांनी मंडणगड-बाणकोटच्या बाजूला गॅसच्या भरवशावर राहू नये, पेट्रोलची टाकी पनवेललाच भरून घ्यावी.

सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. बागमांडला ते वेशवी ही फेरीबोट गाड्यांसकट खाडी ओलांडून देते आणि मंडणगडचा मोठा वळसा वाचवते. पण शेवटची बोट किती वाजता, हे त्याच दिवशी फोन करून विचारावं. जुनी माहिती बघून निघू नये. बोट हुकली, तर अंधारात अनोळखी घाटवळणांनी लांबचा रस्ता धरावा लागतो, आणि वाटेत जेवणाची सोय मिळेलच असं नाही.

आता समुद्राची वेळ. हा भाग माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथे पैसे नाही, माणसं जातात. कोकणातल्या जुन्या माणसांकडे भरतीचा एक साधा हिशेब आहे. पंचांगातली तिथी घ्यायची, तिला तीनने गुणून चाराने भागायचं. जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसा आणि रात्रीही. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला तिथी पंधरा धरायची, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्ध्यापाऊण तासाचा फरक धरून चालावं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि नेहमीपेक्षा खाली उतरतं.

होळी पौर्णिमेला येते. म्हणजे शिमग्याच्या सुट्टीत जाणारे सगळे उधाणाच्याच दिवसांत किनाऱ्यावर असतात. धुळवडीला परतताना आम्ही हरिहरेश्वरला थांबलो. देवळाच्या मागून डोंगराच्या कडेकडेने समुद्रालगत प्रदक्षिणेचा मार्ग आहे. पायऱ्या उतरून खडकांवरून चालायचं, आणि एका बाजूला थेट समुद्र. सूर्य डोक्यावर आला होता. वद्य प्रतिपदा, म्हणजे हिशेबाने दुपारी पाऊण वाजता भरती. मुलं पुढे पळत होती. फुलांची परडी घेऊन बसलेल्या एका आजीबाईंनी हटकलं, "आत्ता जाऊ नका गो, पाणी वर आहे. संध्याकाळी या." आम्ही माघारी वळलो. वरून पाहिलं तेव्हा ज्या खडकांवरून जाणार होतो त्यांवर लाटा फुटत होत्या. तिथे याआधी माणसं वाहून गेलेली आहेत. प्रदक्षिणा ओहोटीलाच करावी. भरती असेल तर देवाला देवळातूनच नमस्कार करावा, त्याने पुण्य कमी होत नाही. तसंच वाळूवर गाडी घालू नये. ओली वाळू वरून टणक दिसते, चाक रुतलं की पाणी चढेपर्यंत ते निघत नाही.

कासवांबद्दल मुलांना घरीच नीट सांगून ठेवावं. अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला साधारण दीड महिना ते पंचावन्न दिवस लागतात, आणि ती कधी येतील हे कुणाच्या हातात नसतं. गावातले कार्यकर्ते सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलून पाहतात. पिल्लं असली तर दोरीच्या आड उभं राहून ती समुद्राकडे जाताना दिसतात, नसली तर परत फिरायचं. आम्हाला शनिवारी सकाळी रिकाम्या टोपल्या दिसल्या, रविवारी पहाटे पिल्लं दिसली. म्हणून निदान दोन रात्री राहता येत असेल तरच कासवांसाठी जावं. एका सकाळवर सगळी आशा ठेवून एवढ्या लांब मुलांना नेणं मला योग्य वाटत नाही.

औषधांची पिशवी स्वतंत्र असावी, आणि ती गाडीच्या डिकीत नको, हाताशी हवी. कोकणात उन्हाळा लागला की विंचू निघतात. तिथला लाल विंचू हृदयावर परिणाम करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून कितीतरी जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती याच भागातल्या सेवेसाठी आणि संशोधनासाठी. बाहेर ठेवलेल्या चपला-बूट झटकून घालावेत, मुलांना अंधारात लाकडांच्या ढिगाजवळ खेळू देऊ नये. दंश झालाच तर मंत्र-उतारा करण्यात वेळ न घालवता थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं, गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा. जवळचं आरोग्य केंद्र कोणतं, हे पोचल्याबरोबर घरच्यांना विचारून ठेवावं.

ज्यांना हे सगळं दोन दिवसांत जमवणं शक्य नाही, त्यांनी खाडी ओलांडून जाण्याचा हट्ट धरू नये. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, तेव्हापासून शेतावरच्या मुक्कामाची केंद्रं पर्यटन संचालनालयाकडे नोंदवली जातात. कर्जतच्या बाजूला घरातून दोन तासांत पोचता येतं, आजारी माणूस असेल तर परत येता येतं, आणि मुलांना विहीर, गोठा, शेत तिथेही दिसतं. नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का, एवढं मात्र विचारावं.

शेवटची विनंती आयत्या वेळी बेत रद्द करणाऱ्यांना आहे. जाऊबाईंकडे आम्ही असताना एका कुटुंबाचं येणं ऐन यायच्या दिवशी दुपारी रद्द झालं. त्यांच्यासाठी मोदकांची पिठी दळून आणलेली होती, नारळ खवून झाले होते, शिमग्याच्या गर्दीत दुसऱ्यांना नाही म्हणून खोली राखली होती. जाऊबाई फोनवर "असू दे, पुन्हा या" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या घरात वर्षाची कमाई या थोड्याच आठवड्यांत होते. जाणं रहित होणार असं दिसलं की त्याच क्षणी फोन करा, आणि स्वयंपाकाची तयारी झालेली असेल तर तेवढे पैसे न मागता पाठवून द्या.