नटाच्या जोरावर पंखा बसवू नकोस

लखनौ,
कोजागिरी पौर्णिमा

चि. मुक्ता,


साडेसहा सीसीचं ग्लो इंजिन घेतलंस आणि दिवाळीच्या सुट्टीत मॉडेल विमानासकट इकडे येतेयस, हे वाचून आनंद झाला. तू विचारलंयस, ‘पंखा आणि स्पिनर बसवायला एक नट तर आवळायचा, त्यात शिकायचं काय?’ तेवढ्याचंच उत्तर देतो.

तुझा पंखा (प्रॉपेलर) 10 बाय 6 चा. म्हणजे व्यास 10 इंच आणि पीच 6 इंच. मिनिटाला 12,000 फेरे झाले की त्याच्या टोकाचा वेग ताशी 575 किलोमीटरच्या घरात जातो. तो पंखा धरून ठेवणं हे नटाचं काम. नीट न बसलेला पंखा ओढूनताणून बसवणं हे त्याचं काम नव्हे.

पंख्याचं भोक शाफ्टला लहान पडलं, तर पायऱ्यांचा रीमर दोन्ही बाजूंनी थोडाथोडा फिरव. हातात धरून ड्रिल मारलंस तर भोक मध्यावरून सरकतं. मग पंखा तोलून बघ. एक पातं खाली जात असेल, तर त्याचा पृष्ठभाग काचकागदानं हलकेच घास.

आता क्रम: इंजिनाच्या ड्राइव्ह वॉशरवर आधी स्पिनरची मागची चकती, मग पंखा, वॉशर, नट आणि वर दुसरा नट. पंख्याची फुगीर, आकडे असलेली बाजू पुढे. चकतीचं भोक शाफ्टपेक्षा मोठं असेल तर योग्य मापाचं बुश घाल. पंखा हातानं फिरवून चकतीची कड पाहा. ती डुलत असेल तर सगळं उतरव आणि कारण शोध. जास्त आवळून डुलणं जात नाही, लपतं फक्त.

आवळताना पिस्टन दाबाला लागेल त्या क्षणी पंखा आडवा येईल असा ठेव. उड्डाणात इंजिन बंद पडलं तर तो बहुधा तिथेच थांबतो आणि उतरताना पाती जमिनीला लागत नाहीत. मापाचा पाना वापर, पक्कड नको. इंजिन कधी उलटा झटका देतं आणि नट सैल होतो, दुसरा नट त्यासाठीच. लाकडी पंखा दाबानं थोडा बसतो, म्हणून पहिल्यांदा इंजिन चालवल्यावर पुन्हा आवळ.

शेवटी स्पिनरचा शंकू. त्याच्या खाचेत पात्याभोवती मिलिमीटरभर फट हवी. टेकत असेल तर खाच घास, पातं कधीच कापू नकोस. पात्याच्या मुळाशी पडलेल्या चिरेतूनच पंखा तुटतो. टवका उडालेला पंखाही चिकटवायचा नाही, मोडून फेकायचा.

1970 पासून इथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) ॲक्सेसरीज विभाग आहे. हायड्रॉलिक्स, इंधनयंत्रणा, चाकं, ब्रेक अशी विमानाची अंगं तिथे घडतात. तिथल्या नोकरीत मी एकच शिकलो: भाग बसत नसला की हातोडा उचलायचा नाही, माप उचलायचं. तुमच्या ओझरच्या एचएएल कारखान्यातही कुणी वेगळं सांगणार नाही.

इंजिन सुरू करताना बोट वापरू नकोस, काठी किंवा स्टार्टर घे. नीडल व्हॉल्व्ह पंख्याच्या मागे उभं राहूनच फिरव. पंख्याच्या रेषेत, बाजूलासुद्धा, कुणाला उभं राहू देऊ नकोस.

इथे लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी जमघट असतो आणि सगळं आकाश पतंग-मांजानं भरतं. त्या दिवशी विमान घरातच राहील. इतर दिवशीही अमौसी विमानतळापासून लांब, ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशावर हिरव्या पट्ट्यात असलेल्या मैदानावरच जाऊ.

इंधन रेल्वेनं आणू नकोस. ते ज्वालाग्राही आहे आणि गाडीत नेण्यास बंदी आहे. इथे त्याची सोय करतो. पंखा मात्र तू स्वतः बसव, आणि प्रत्येक उड्डाणाआधी नट तपासल्याशिवाय इंजिनाला हात लावू नकोस.

तुझा,
मामा