डिस्क लेथवर फिरवायची की नवी टाकायची?

प्रश्न : माझी गाडी ७०,००० किलोमीटर चालली आहे. कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. मेकॅनिक म्हणतो, पुढच्या डिस्क लेथवर फिरवून घेऊ. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, दोन्ही बदला. ऐकायचं कोणाचं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी जाडी मोजून घ्या, मग ठरवा. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या उंचवट्यावर किमान जाडीचा आकडा सहसा कोरलेला असतो. गंज चढल्यामुळे दिसत नसेल तर तारेच्या ब्रशने घासा. समजा, नवी डिस्क २२ मिलिमीटरची आणि कोरलेला आकडा २० आहे. त्या २० पर्यंत पोहोचलेली डिस्क भंगारातच जायला हवी.

मोजणी मायक्रोमीटरनेच करायला सांगा. पॅड जिथवर पोहोचत नाही तिथे डिस्कच्या कडेला एक काठ शिल्लक राहतो. साध्या व्हर्नियरचे जबडे त्या काठावर टेकतात आणि झिजलेली डिस्क जाड भरते. डिस्क फिरवत सात-आठ ठिकाणी मापं घ्यायची आणि त्यातलं सर्वांत कमी धरायचं.

आता हिशोब. माप २१.५ आलं आणि दोन्ही बाजूंनी ०.२ चा कट मारला, तर २१.१ उरतात. खुशाल फिरवून घ्या. पण माप २०.६ असेल तर त्याच कटानंतर २०.२ उरतील. कागदावर डिस्क पास, पण नवे पॅड संपायच्या आतच ती हद्दीखाली जाईल. तेव्हा लेथची मजुरी वाया गेली म्हणून समजा.

एवढ्याशा लोखंडाचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. पण १,२०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा तिचा सगळा भार ब्रेकवर टाकला तर सुमारे ५९ लाख ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात १८ लिटर पाणी उकळेल. ही उष्णता आधी डिस्कच्या लोखंडातच मुरते. लोखंड कमी असलं की डिस्क जास्त तापते, आणि पॅडची पकड ढिली पडते ती नेमकी शेवटच्या वळणांवर. घाटात राहणाऱ्या माणसाने याबाबतीत काटकसर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

थरथर कशामुळे येते, हेही शोधा. जाडीत १५-२० मायक्रॉनचा फरक पडला तरी स्टिअरिंगला कळतं. हा फरक बऱ्याचदा हबमुळे पडतो. हब आणि डिस्क यांच्यामध्ये गंज साचला किंवा व्हील नट कमी-जास्त आवळले गेले की डिस्क किंचित तिरकी फिरते आणि दर फेऱ्यात एकाच जागी पॅडला घासत राहते. कोकणातल्या पावसात हा गंज हमखास धरतो. हब साफ न करता डिस्क लेथवर फिरवा नाही तर नवी टाका, काही हजार किलोमीटरनंतर तीच तक्रार घेऊन परत याल. म्हणून डिस्क बसवल्यावर मेकॅनिकला डायल गेज लावायला सांगा. काटा साधारण ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. नक्की मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल.

डिस्कवर निळसर काळे डाग दिसले तर तिथलं लोखंड तापून कडक झालेलं असतं. हा कडकपणा कटाच्या खाली शिल्लक राहतो आणि थरथर पुन्हा सुरू होते. अशी डिस्क बदला. कडेपर्यंत चीर गेली असेल तर विचारच नको.

डिस्क फिरवा किंवा बदला, दोन्ही चाकांची एकदम आणि पॅड नवेच. टर्नरला दोन्ही बाजूंनी सारखाच कट मारायला बजावा. पहिले २००-३०० किलोमीटर सपाटीवर, हलके ब्रेक मारत गाडी चालवा. तेवढे दिवस घाटापलीकडची, कराडची कामं पुढे ढकला.