डब्यात सरकवलेली पुडी

अगं सोनू, काल फोनवर तुझा आवाज अगदी रडवेला झाला होता, म्हणून निवांत लिहितेय. टॉप_के पाठवलं की पायथन ‘अनएक्स्पेक्टेड कीवर्ड आर्ग्युमेंट’ म्हणत टाइपएरर तोंडावर फेकतो, हेच ना तुझं दुखणं? ओपनएआयची लायब्ररी त्यांच्या स्वतःच्या एपीआयसाठी बेतलेली आहे. तू तिच्यातून बोलतेस ऑफिसच्या व्हीएलएलएम सर्व्हरशी. त्याला टॉप_के कळतं, पण लायब्ररीच्या यादीत ते नावच नाही, म्हणून ती दारातच अडवते.

मी काय केलं होतं सांगू? आईला नाही कळणार, पण तुमच्या टीममध्ये बोलू नकोस. सरळ साइट-पॅकेजेसमध्ये शिरले आणि लायब्ररीच्या फाइलीतच एक ओळ घुसडली. लॅपटॉपवर झकास चाललं. सर्व्हरवर पिपनं लायब्ररी नव्यानं बसवली आणि माझी ओळ गायब! तीही शुक्रवारी संध्याकाळी.

खरं तर त्यासाठी चोरकप्पा ठेवलेलाच आहे, एक्स्ट्रा_बॉडी. त्याला एक डिक्शनरी द्यायची, आत टॉप_के आणि त्यापुढे 20. फराळाच्या डब्यात सरकवलेल्या पुडीसारखं ते बाकीच्या जेसनसोबत, त्याच पातळीवर जातं. हेडर हवा असेल तर एक्स्ट्रा_हेडर्स, यूआरएलला जोडायचं असेल तर एक्स्ट्रा_क्वेरी. पण जपून हं. एकच नाव नेहमीच्या आर्ग्युमेंटमध्ये आणि एक्स्ट्रा_बॉडीतही दिलंस तर पुडीतलं जिंकतं, आणि तेही वरवर: रिस्पॉन्स_फॉरमॅटमधली एकच आतली की बदलायला गेलीस तर आधीचा अख्खा रिस्पॉन्स_फॉरमॅट पुसला जातो.

तुझ्या शेजारचा तो नोडवाला तुझा कोड बघून जसाच्या तसा उतरवेल, त्याला आधीच अडव. जावास्क्रिप्टच्या लायब्ररीत हा कप्पा नाही. तिथं टॉप_के मॉडेल आणि मेसेजेसच्या शेजारीच लिहायचं. टाइपस्क्रिप्ट लाल रेघ मारतं, तिला टीएस-एक्स्पेक्ट-एरर लिहून गप्प करायचं. त्यानं एक्स्ट्रा_बॉडी लिहिलं तर सर्व्हरला ‘एक्स्ट्रा_बॉडी’ नावाचीच अनोळखी वस्तू मिळते, आणि तो ती मुकाट बाजूला ठेवतो. एरर नाही, काही नाही. मला तो टाइपएरर परवडला बाई, निदान बोलतो तरी.

म्हणून पुडी पोचली का ते चाखून बघ. टेम्परेचर चांगलं वाढव, टॉप_के 1 कर आणि एकच प्रश्न 5 वेळा विचार. 1 म्हटल्यावर मॉडेलला दर वेळी सगळ्यात संभाव्य टोकनच घ्यावं लागतं, टेम्परेचर कितीही असो. पाचही उत्तरं जवळजवळ एकसारखी आली तर पोचली. पाच तऱ्हा दिसल्या तर वाटेत कुठंतरी सांडलीय. मग मला फोन कर, पण साडेनऊनंतर. त्याआधी आमच्याकडे पोरीच्या जेवणाचा तमाशा चालू असतो.